छत्तीसचा आकडा

माळ्यावरून कुणी कापसाची गादी खाली टाकावी तसा आवाज आला. व्हुंफ! पायाखालचा बर्फ बोटभर खचला. माझ्या डाव्या स्कीच्या टोकापासून एक बारीक तडा निघाला, दादाच्या दिशेनं सरसर पळाला आणि दहा-बारा फुटांवर विरला. मी जागच्या जागी उभी. दादानं मागं वळून पाहिलं, हसला आणि म्हणाला, "काही नाही गं, बर्फ बसतोय. चल."

मी चालू लागले.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला तो पंधरा वर्षं राहतोय. मी आणि नवरा सहा वर्षांपूर्वी इथं आलो ते त्याच्याच भरवशावर. मी मूळची महाडची. बर्फ म्हणजे लग्नात सरबतासाठी लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. इथं मात्र वासॅच पर्वताची रांग शहराला चिकटून उभी आहे. घरातून निघालं की पाऊण तासात माणूस कमरेपर्यंत बर्फात. अल्टा नावाच्या ठिकाणी २०२२-२३च्या हिवाळ्यात एकूण ९०३ इंच बर्फ पडला. म्हणजे जवळजवळ २३ मीटर. आमच्या महाडच्या घराच्या कौलांवर आणखी तीन-चार घरं रचली तरी ती त्यात गडप झाली असती.

स्की रिसॉर्टच्या हद्दीत गस्तीची माणसं पहाटेच उठून स्फोटकं टाकतात आणि धोक्याचे उतार आधीच पाडून घेतात. लोक येतात तोवर ते काम उरकलेलं असतं. हद्दीबाहेरच्या डोंगरात असं कुणी नसतं. तिथं लिफ्टही नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून स्वतःच्या पायानं चढायचं. त्या पट्टीचे केस मांजराच्या पाठीसारखे एकाच दिशेला असतात, त्यामुळं पाय पुढं सरकतो, मागं घसरत नाही. माथ्यावर पट्टी सोलून खिशात घालायची आणि कुणाच्याही खुणा नसलेल्या बर्फातून खाली यायचं. याची चटक लागते. मलाही लागली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी स्की शिकलेल्या बाईला जरा जास्तच.

त्या दिवशी काही झालं नाही. आम्ही मजेत उतरलो, वहिनीच्या हातचं पिठलं-भात खाल्ला. तो आवाज मी विसरूनही गेले असते, पण पुढच्याच आठवड्यात गावातल्या वाचनालयात हिमस्खलनावर एक फुकट व्याख्यान होतं. व्याख्यात्यानं पडद्यावर एक छोटी चित्रफीत लावली आणि सभागृहात तोच आवाज घुमला. व्हुंफ! मी खुर्चीत दचकले.

तो आवाज म्हणजे बर्फ 'बसणं' नव्हे. वरचा बर्फ घट्ट तक्त्यासारखा असतो आणि त्याच्या खाली एखादा कच्चा थर. तो कच्चा थर मोडतो, तेव्हा तक्ता खाली आदळतो. त्या वेळी आम्ही जवळपास सपाटीवर होतो, म्हणून नुसता आवाज झाला. पण मोड एका जागी थांबत नाही, ती थरातून पसरत जाते. सपाटीवर पाय पडला आणि वरचा तीव्र उतार सुटून अंगावर आला, असं खरंच घडतं. आमच्या डाव्या हाताला, तीस-चाळीस मीटरवर असा उतार होता आणि पुढं आम्ही त्याच्याच काठानं चढलो होतो. हसत-हसत.

दुसऱ्या दिवशी मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवलं. दादाला विचारलं, येतोस का? तो म्हणाला, "तू शिकून ये, मग मला सांग." त्यानं ते थट्टेत घेतलं होतं.

प्रशिक्षणाआधी घरी बसून वाचायचं बरंच होतं. ते सांगत बसत नाही. पहिल्या दिवशी सकाळी एका वाहनतळावर आम्ही नऊ जण जमलो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरात असतील. बारीक चण, आवाज हळू. मी त्यांना मनातल्या मनात 'आमच्या बाई' म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं. त्यांनी आल्या-आल्या प्रत्येकाचा बीकन तपासला. बीकन म्हणजे छातीशी बांधायचं छोटं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत ठोके पाठवतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर टाकायचं आणि त्या ठोक्यांच्या मागावर जायचं. मोबाइल त्याच्या शेजारच्या खिशात ठेवायचा नाही, ठोक्यांत गडबड होते. माझा तिथंच होता. वर्षभर तिथंच होता.

गाडलेल्या माणसाचा हिशेब बाईंनी एका वाक्यात सांगितला. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदींनुसार पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात, ३५ मिनिटांनंतर जेमतेम तीन. उरलेल्यांचं काय होतं हे कुणी विचारलं नाही. माणूस आपल्याच उच्छ्वासात गुदमरतो. तोंडापुढचा बर्फ श्वासानं ओला होऊन गोठतो आणि हवा यायची वाट बंद होते. आणि काहींचा श्वासाशी संबंधच येत नाही, ते झाडाखडकांवर आपटून आधीच गेलेले असतात. हेलिकॉप्टर, पोलीस, बचावपथक हे सगळं अर्ध्या तासानंतरचं. पहिल्या पंधरा मिनिटांत तिथं असतात ते फक्त तुमच्यासोबत आलेले.

मग बाईंनी प्लास्टिकच्या डब्यात घालून एक बीकन कुठंतरी पुरला आणि घड्याळ लावलं.

माझी पहिली वेळ अकरा मिनिटं. यंत्रावरचा बाण सरळ नेत नाही, वळणावळणानं नेतो. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकल्यावर दिसणाऱ्या रेषा शाळेत पाहिल्या होत्या, तशा रेषांवरून. मी मात्र आपल्या अकलेनं सरळ जायला निघाले, आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि मी घाबरून धावत सुटले. "धावू नका," बाई मागून म्हणाल्या, "आता आकडा काय म्हणतो तेवढंच बघा." तीन मीटरच्या आत आलं की गुडघे टेकायचे, यंत्र बर्फालगत धरायचं, उभ्या आणि आडव्या रेषेत फिरवून सर्वांत कमी आकडा शोधायचा. तिथं प्रोब खुपसायचा. हा छत्रीच्या काड्यांसारखा जोडत जाणारा लांब गज. लागलं नाही तर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर गोल-गोल खुपसत बाहेर जायचं.

बाईंनी दुसऱ्या वेळी डब्याऐवजी कपड्यांनी गच्च भरलेली सॅक पुरली होती. बर्फात प्रोब जाताना करकर लागतो, जमिनीला लागला की ठण्ण होतं. सॅकला लागला तेव्हा तो थांबला, पण जरासा मागं आला. मळून ठेवलेल्या कणकेत बोट रुतवलं की ती बोट परत ढकलते ना, तसा. हाताला ते कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली माणूस नव्हता, कुणाचे तरी जुने स्वेटर होते, तरी आला.

फावडं मारणं हे सगळ्यांत अवघड काम. थांबलेला बर्फ कापसासारखा नसतो, तो सिमेंटसारखा बसतो. मीटरभर खोलीवरच्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर बर्फ हलवावा लागतो. प्रोब काढायचा नाही. त्याच्या डोक्यावरून नव्हे, उताराच्या खालच्या अंगानं खणत आत शिरायचं. बर्फ उचलून टाकायचा नाही, वल्ह्यासारखा मागं ढकलायचा आणि मागच्यानं तो आणखी मागं. दिवसअखेर माझी वेळ चार मिनिटांवर आली, ती फक्त शोधण्याची. खणून काढायला आम्हा तिघांना आणखी नऊ मिनिटं लागली. तेरा मिनिटं. हवा छान, उजेड भरपूर, सॅक एकच आणि रडणारं कुणी नाही. वादळात काय झालं असतं, याचा हिशेब मी रात्री अंथरुणात केला आणि अर्धवट सोडला.

दुसरा दिवस खड्ड्यात गेला. म्हणजे शब्दशः. उत्तरेकडं तोंड असलेल्या पण सुरक्षित अशा एका उतारावर आम्ही जमिनीपर्यंत खणलं. खड्ड्याची एक भिंत ब्रशनं साफ केली तेव्हा थर दिसायला लागले, कापलेल्या बाकरवडीसारखे. बाईंनी एकेका थरात आधी मूठ, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल खुपसायला सांगितली. मधल्या थरात पेन्सिलच जाईना. अगदी तळाशी मात्र अख्खी मूठ सहज गेली आणि मुठीतून रवा गळावा तसे दाणे गळले. काळ्या कार्डावर घेऊन भिंगातून पाहिले तर खडीसाखरेसारखे चकचकीत आणि कोरडे. एकमेकांना धरायलाच तयार नाहीत. दाबून लाडू वळायचा प्रयत्न केला, वळला नाही.

हा रवा कुठून येतो? ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो, फूटभर, आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची हवा उणे पंधरा. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की खालून वाफ वर सरकत राहते आणि दाण्यांचे कोपरे वाढत जाऊन त्यांचे सुटे स्फटिक होतात. मग डिसेंबरात वादळं येतात आणि या रव्यावर मण-मण ओझं रचतात. वरून सगळं पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत, खाली दोन महिन्यांपूर्वीचा कच्चेपणा तसाच. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी इथल्याच मिलक्रीक कॅन्यनमध्ये, विल्सन ग्लेड नावाच्या उतारावर आठ जण सापडले आणि चौघं गेले. तिथंही खालचा थर हाच. माहीतगार माणसं होती, सगळी साधनं जवळ होती. वाचलेल्यांनी आपल्या हातांनी बाकीच्यांना खणून काढलं.

खड्ड्यात एक चाचणीही केली. ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर आत असा एक खांब सगळीकडून कापून सुटा केला. त्याच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून त्यावर थापा मारायच्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. मनगटाच्या दहा झाल्या, काही नाही. कोपराच्या तिसऱ्या थापेला रव्याच्या थरातून अख्खा खांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटला आणि ड्रॉवर सरकावा तसा माझ्या मांडीवर आला. तेरा थापा. स्की घालून उडी मारणाऱ्या माणसाचं वजन त्याहून कितीतरी जास्त. माझ्या शेजारचा मुलगा बराच वेळ नुसता बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. पहाटेपासून तासाला इंचभर बर्फ. मराठीत पावसाला रिपरिप, भुरभुर, संततधार, मुसळधार असे किती शब्द, आणि बर्फाला एकच 'बर्फ'. गोळेवाल्याचाही तोच आणि हिमालयातलाही तोच. त्या दिवशी जे पडत होतं त्याला मी मनात 'आषाढी बर्फ' म्हटलं. समोरचा माणूस दहा पावलांवर पुसट होत होता.

युटा ॲव्हलांच सेंटर रोज सकाळी त्या दिवसाचा अंदाज काढतं. त्यात एक गोल आकृती असते, तिला 'रोझ' म्हणतात, म्हणून आमच्या घरी तिचं नाव 'धोक्याचा गुलाब'. आठ पाकळ्या म्हणजे आठ दिशा, आतून बाहेर तीन वर्तुळं म्हणजे वरच्या, मधल्या आणि खालच्या उंचीचे उतार. रंग पाच : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, काळा. त्या दिवशी वरचा अर्धा गुलाब लाल होता. पण बाई म्हणाल्या की लाल-काळ्यापेक्षा नारिंगी दिवशी जास्त माणसं मरतात. नारिंगीचं इंग्रजी नाव 'कन्सिडरेबल'. मी मराठीत विचार करून पाहिला, तर शब्द सुचला 'बऱ्यापैकी'. आता 'बऱ्यापैकी धोका' ऐकून कोण घरी बसेल? 'स्वयंपाक बऱ्यापैकी झालाय' म्हटलं की आपण जेवायला बसतो.

वादळात डोंगरावर ओझं पडतं ते निव्वळ वरून नाही. वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूच्या पोटात नेऊन टाकतो, आणि आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं. वारा नैर्ऋत्येचा असला की ईशान्येचे उतार फुगतात. ओझं हळूहळू आलं तर बर्फ सोसतो, एका रात्रीत आलं तर मोडतो. म्हणून वादळ चालू असताना आणि त्यानंतरचा एखादा-दोन दिवस सर्वांत वाईट. दुर्दैवानं त्यानंतरच ऊन पडतं, आकाश निळं होतं आणि सगळं गाव स्की घेऊन निघतं.

हे ऐकताना मला बर्फ दिसतच नव्हता, घाट दिसत होता. माझे वडील एसटीत चालक होते. वरंधा घाट, आंबेनळी घाट त्यांच्या हाताखालचे. पावसाळ्यात त्यांचा एक नियम होता, दरडीखाली गाडी उभी करायची नाही. कुणाला कितीही लागली असली तरी मोकळ्या वळणापर्यंत दम धरायचा. प्रवासी शिव्या द्यायचे. २२ जुलै २०२१ला आमच्या तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. टीव्हीसमोर बसून ते फक्त म्हणाले, "पाऊस किती दिवस लागून होता बघ." बाईंनी संशयास्पद उतार एकेकट्यानं ओलांडायला लावला, दाट झाडीच्या आडोशाला पोहोचल्याशिवाय थांबू दिलं नाही, तेव्हा मी काही नवं शिकत नव्हते. एसटीतल्या खिडकीच्या जागेवर बसून हे मी आधीच शिकले होते. फक्त या पांढऱ्या उताराला दरड म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

तक्त्यासारखा बर्फ सुटतो तो बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही अडतिसाच्या आसपास सर्वाधिक. तीसच्या आत आणि डोक्यावर दुसरा तीव्र उतार नाही, अशी जागा निवडली की वादळातही फिरता येतं. स्कीसाठी सगळ्यांत गोड उतार मात्र पस्तीस-अडतीसचाच. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते, काठी उतारावर ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवायचा. डोळ्यांचा भरवसा नाही. मला चाळीस वाटलेला उतार सव्वीसचा निघाला आणि पंचवीस वाटलेला तेहतीसचा. त्या दिवशी आम्ही बावीस-चोवीस अंशांवर, पर्णहीन ॲस्पेनच्या झाडांमधून खाली-वर केलं. कंटाळवाणं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्या तीन दिवसांतला जो भाग मला सर्वांत जड गेला तो बर्फाचा नव्हता. दुपारी गाडीत बसून थर्मासमधला चहा पिताना बाईंनी विचारलं, "आजवर डोंगरात कुणाकुणाला 'इथं जाऊ नये' असं वाटलं, पण बोलला नाहीत?" नऊच्या नऊ हात वर. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकानं १९७२ ते २००३ या काळातले अमेरिकेतले ७१५ अपघात तपासले. अनेक ठिकाणी धोक्याच्या खुणा उघड दिसत होत्या आणि तरी माणसं गेली. ओळखीची जागा, आधीच्यांच्या खुणा, आता एवढं आलोच आहोत तर, आणि आपल्यातला जाणता म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल.

या शेवटच्याला आपल्याकडं वेगळं नाव द्यायची गरज नाही. त्याचं नाव दादा.

आपण लहानपणापासून शिकतो की मोठ्यांना उलट बोलायचं नाही. त्यात गैर काही नाही, पण डोंगराला ते माहीत नसतं. बाईंनी सांगितलेला नियम साधा होता. गटात एकानं 'नको' म्हटलं की सगळ्यांचं नको. कारण द्यावं लागत नाही. माझ्यासोबतच्या पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. मी वही मिटून बसले होते, कारण मला तो इंग्रजीत सहज जमणार होता आणि मराठीत जमेल की नाही याची खात्री नव्हती.

२०२२च्या ४ ऑक्टोबरला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन आलं होतं. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. तिथले उस्ताद तर जाणत्यांतले जाणते. त्या वेळी माझ्या पुण्याच्या ट्रेकर मैत्रिणींच्या गटात दोन दिवस हाच विषय होता आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी केदारकांठाच्या हिवाळी ट्रेकचं पत्रक टाकलं. मीही त्यावर अंगठा दाखवला होता.

तीन आठवड्यांनी गुरुवारी रात्री मोठं वादळ लागलं. शुक्रवारी संध्याकाळी दादाचा निरोप : 'उद्या सहाला निघू. नेहमीचा उतार.' सहाला निघायचं म्हणजे अंदाज यायच्या आत निघायचं, हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी लिहिलं, साडेसातला निघू या का? उत्तर आलं, गाडी लावायला जागा मिळत नाही. रात्री मी नकाशा काढून नेहमीचा उतार मोजला. मधला, आम्ही दर वेळी ओरडत उतरतो तो पट्टा. आकडा आला ३६. तोंड ईशान्येला. मला एकटीलाच हसू आलं.

सकाळी बिग कॉटनवुड कॅन्यनच्या तोंडाशी आम्ही चौघं. दादा, त्याचा नागपूरकडचा मित्र, त्याच्या ऑफिसातला एक अमेरिकन मुलगा आणि मी. वर गेल्यावर मोबाइल चालत नाही, म्हणून मी इथंच थांबायचा आग्रह धरला. दादा गाडी चालू ठेवून बसला. अंदाज आला. वरचा ईशान्य भाग लाल.

"दादा, आज तो उतार नको."

"का?"

"छत्तीस अंश आहे. दोन रात्रींत दीड फूट पडलाय, वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे सगळा तिथंच जाऊन बसलाय. आणि खाली नोव्हेंबरचा रवा तसाच आहे."

"रवा?" तो हसला. "अगं, मी पंधरा वर्षं इथं उतरतोय. तू तीन दिवस क्लास केलास. तुला सायकल कुणी शिकवली?"

"तू. आणि मी पडले तेव्हा दोष सायकलला दिला होतास."

तो हसला नाही. वायपर फिरत होते. मागं बसलेल्या अमेरिकन मुलाला काही कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. माझे तळहात हातमोज्यांत घामानं ओले झाले होते. भाषण पाठ केलं होतं ते आठवेना. शेवटी एवढंच म्हणाले, "मी येत नाही. आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नागपूरकर मागून म्हणाले, "खरं सांगू का भाऊ, मले तर कालपासून भेव लागून राह्यलं होतं. तुम्ही म्हणता म्हणून निघालो बाप्पा."

दादानं गाडी गिअरमध्ये टाकली. "मग कुठं?" एवढंच विचारलं, तेही रस्त्याकडं बघत.

आम्ही ॲस्पेनच्या झाडीत गेलो. चोवीस अंश, डोक्यावर काही नाही. बीकन एकमेकांचे तपासले, दादाचा मोबाइल छातीच्या खिशात निघाला, त्यानं निमूट पँटच्या खिशात टाकला. तासाभरानं एका मोकळ्या सपाटीवर पुन्हा तो आवाज आला. व्हुंफ! दादा पुढं होता. तो थांबला. मागं वळून पाहिलं नाही, काही बोललाही नाही, पण थांबला. थोड्या वेळानं चालू लागला.

दुपारी ढग फाटले आणि खोऱ्याच्या पलीकडं नेहमीचा उतार दिसला. त्यावर पाच खुणा होत्या, वरपासून खालपर्यंत नागमोडी, सुंदर. कुणीतरी पाच जण मनसोक्त उतरून गेले होते. उतार जसाच्या तसा उभा.

"बघ," दादा म्हणाला.

मी बघितलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. खांबाच्या तेरा थापा मी त्याला सांगू शकले असते, पण त्या वेळी त्या पाच खुणा तेरा थापांपेक्षा जास्त पटण्याजोग्या होत्या.

परत येताना गाडीत नागपूरकर झोपले आणि बाकी कुणी बोललं नाही. दादाच्या घरी वहिनीनं चहा टाकला होता. मी बूट काढत दारात बसले, तो मात्र आत येईना. अंगणात उभा राहून वर बघत होता. छपरावर फूट-दीड फूट बर्फ साचला होता, उन्हानं कडेच्या पागोळ्या गळत होत्या आणि बरोबर त्याखाली माझी गाडी. दादानं खिशातून मोबाइल काढला, एक डोळा मिटला आणि मोबाइलची कड हात लांब करून छपराच्या कडेला लावली.

"किती?" मी विचारलं.

"चौतीस," तो म्हणाला. "छत्तीस नाहीये." मग जरा थांबून, "तरी तुझी गाडी तिथून काढ."